ऑटिझम, ऑक्युपेशनल थेरपी आणि घर : ग्रेस बारानेक यांच्या कामाविषयी

लाकडी_ठोकळा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. थोडक्यात 'ओटी'. एवढं सांगितलं की निम्म्या लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं आणि उरलेल्यांना फिजिओथेरपी. लग्नानंतर सासरच्या एका आजींनी "ओटी? कुणाची भरायची?" असं विचारलं होतं. मला अजून त्यांचाच प्रश्न सगळ्यात आवडतो. यातल्या 'ऑक्युपेशन'चा नोकरीधंद्याशी संबंध नाही. माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं त्यात येतं: दात घासणं, जेवणं, खेळणं, बसमध्ये चढणं, झोपी जाणं.

परवा माळा आवरताना जुन्या झेरॉक्सचा गठ्ठा निघाला. सगळ्यात वर ग्रेस बारानेक यांचा १९९९चा पेपर, कडा पिवळ्या पडलेला. समासात माझ्याच पेन्सिलीने लिहिलेलं, "हे कसं सुचलं बाईंना!" म्हणून हा धागा.

बारानेक अमेरिकेतल्या. शिक्षणाने ओटी, मग पीएचडी, बरीच वर्षं चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, नंतर लॉस एंजेलिसला युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात. सगळं काम लहान मुलं आणि ऑटिझम (स्वमग्नता) यांच्यावर. तो १९९९चा पेपर एका साध्या अडचणीतून निघालाय. ऑटिझमचं निदान तेव्हा बाळपण सरल्यावर व्हायचं. मग आईला "वर्षाचा असताना कसा होता हो?" असं विचारलं तर तिचं उत्तर निदान कळल्यानंतरच्या नजरेतून येणार. बाईंनी काय करावं? घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटी मागवल्या. बाळाच्या पहिल्या वर्षातल्या, घरच्यांनीच हौसेने काढलेल्या. निदान व्हायच्या आधीचं बाळ, कुणाच्याही आठवणीची भेसळ न होता.

एकूण ३२ मुलं. ११ जणांना पुढे ऑटिझमचं निदान झालेलं, १० जणांची वाढ इतर कारणांनी मागे पडलेली, ११ जणांची वाढ सर्वसाधारण. ९ ते १२ महिन्यांच्या वयातली दृश्यं तपासली, आणि नऊ गोष्टी एकत्र धरल्या तेव्हा ३२ पैकी ३० मुलं आपापल्या गटात बरोबर बसली. ऑटिझमच्या गटात काय दिसलं? नाव घेऊन जास्त वेळा हाक मारावी लागणं, समोरच्या गोष्टीवर नजर न ठरणं, वस्तू सारख्या तोंडात घालणं, आणि कुणी लाडाने हात लावला की अंग काढून घेणं.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ऑटिझम म्हटलं की सगळे बोलणं आणि नजरेला नजर देणं याकडे बघतात. कातडी, तोंड, हात यांच्याकडे बघायची सवय ओटीला असते. ती सवय आली जीन एअर्स या अमेरिकन ओटीबाईंकडून (१९२० ते १९८८). त्याही सदर्न कॅलिफोर्नियातच शिकल्या. त्वचा, स्नायू-सांधे आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय यांच्याकडून आलेल्या माहितीची मेंदू जुळवाजुळव करतो आणि काही मुलांत तीच नीट होत नाही, ही त्यांची मांडणी. पुस्तक १९७२चं. त्यावरूनच त्यांनी थेरपी बसवली: झोके, स्पर्श, हालचाल यांतून मुलाला ही माहिती खेळता खेळता द्यायची. थेरपी सेंटरमध्ये छताला टांगलेला झोपाळा दिसला की समजायचं, हा एअर्सबाईंचा.

पुढे २००६ मध्ये बारानेक यांच्या गटाने २५८ मुलांच्या पालकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी ६९ टक्क्यांमध्ये संवेदनांशी निगडित लक्षणं होती. यातही एक गंमत आहे. आवाजाने कान झाकणं, स्पर्शाने किंचाळणं हे आपल्याला चटकन दिसतं, पण ते इतर कारणांनी वाढ मागे पडलेल्या मुलांतही जवळपास तेवढंच होतं. ऑटिझमला वेगळं काढत होतं ते उलट टोक: हाक मारली तरी न वळणं, शेजारी भांडं पडलं तरी न दचकणं. आपल्याकडे अशा मुलाला आधी कानाच्या डॉक्टरांकडे नेतात (ती तपासणी करायलाच हवी), कान ठणठणीत निघाले की सगळे हुश्श करतात आणि वर्ष जातं.

२०१३ साली निदानाच्या अमेरिकन नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांचा हा मुद्दा ऑटिझमच्या निकषांत आला. आम्ही ओटी मंडळींनी तेव्हा पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

पण मला लिहायचंय ते २०१२च्या एका छोट्या अभ्यासाबद्दल. त्यात बारानेक सहलेखिका आहेत. बारा कुटुंबं, सहा ऑटिझम असलेल्या मुलांची, सहा नसलेल्यांची. प्रश्न असा की मुलाच्या संवेदनांमुळे घर काय करतं? तीन उत्तरं आली. एक, कुटुंब कुठे जायचं आणि कुठे नाही ते ठरवतं. दोन, जायचंच असेल तर तयारी कशी करतं. तिसरं वाचून मी खुर्चीत मागे टेकले होते: तिथे गेल्यावर तो अनुभव, त्याचा अर्थ, त्यातलं सुखदुःख सगळ्यांना मिळून भोगता येतं का. म्हणजे समुद्रावर सगळे गेले, फोटोही निघाले, पण एकासाठी ती ओली वाळू म्हणजे छळ. आई अर्धी त्याच्याकडे, अर्धी लाटांकडे. ट्रिप झाली म्हणायची का?

माझी सुरुवातीची दहा वर्षं मुलाने पेन्सिल कशी धरली हे मोजण्यात गेली. घरी काय चाललंय हे फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात विचारायचे, तेही घड्याळाकडे बघत. ज्यांच्या घरी हे रोजचं आहे त्यांनी लिहावं.

हिशोबनीस

लेख छान. पण आकडे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्यामुळे क्षमस्व.

३२ मुलांवर नऊ निकष बसवले तर बऱ्यापैकी काहीही बरोबर बसतं. तोच हिशोब नव्या ३२ मुलांवर लावून बघायला हवा. दुसरं, त्या काळी व्हिडिओ कॅमेरा असलेली घरं म्हणजे ठरावीक घरं. आमच्याकडे माझ्या बाळपणाचे मोजून दोन फोटो आहेत, त्यातल्या एकात मी रडतोय आणि दुसऱ्यात शेजारचा मुलगा आहे. शिवाय कॅमेरा कधी चालू होतो? बाळ हसतं तेव्हा.

तिसरं म्हणजे झोपाळा. वेल्समधून चालवलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ४ ते ११ वयाची १३८ मुलं. संवेदनांवरची ही थेरपी आणि नेहमीची सेवा यांची तुलना केली, आणि चिडचिड, आदळआपट यांत थेरपीने जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये पालकांना सांगा की पुरावा मर्यादित आहे, असं म्हटलंय. सेंटरमध्ये हे कुणी सांगतं का?

लाकडी_ठोकळा

@हिशोबनीस, क्षमस्व कशाला, मी वाटच बघत होते.

कॅमेऱ्याचं अगदी बरोबर. म्हणूनच पुढे त्यांच्या गटाने वर्षाच्या बाळांच्या पालकांसाठी प्रश्नावली केली, म्हणजे कॅसेटवर अवलंबून राहायला नको. १९९९च्या पेपरला मी निदानाचं यंत्र समजत नाही. कुठे बघायचं हे त्याने दाखवलं, बस.

झोपाळ्याचं जरा लांबेल. फिलाडेल्फियाच्या ओटी संशोधिका रोझॅन शाफ यांची याच थेरपीवरची २०१४ची चाचणी बघा. पुन्हा ३२ मुलं (हसू नका), ४ ते ८ वर्षांची, दहा आठवड्यांत ३० सत्रं. तिथे मोजलं काय? प्रत्येक मुलासाठी घरच्यांशी बोलून ठरवलेली ध्येयं. म्हणजे "केस धुताना आकांत करणार नाही" अशासारखी. त्यात थेरपीच्या गटाची प्रगती जास्त दिसली. वेल्सच्या चाचणीत मुख्य मोजमाप चिडचिडीचं होतं. दोन्ही खरे असू शकतात. पण चाचणी मोठी आणि निकाल नकारात्मक असेल तर तो पालकांना सांगायलाच हवा, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. सेंटरमध्ये सांगत नाहीत हेही मान्य. मी विद्यार्थ्यांना एकच विचारायचे, "झोपाळ्यावरून उतरल्यावर त्याच्या घरी काय बदलणार आहे?" उत्तर नसेल तर मुलाला झोका हवा म्हणून झोका द्या, त्याला थेरपी म्हणून पैसे घेऊ नका.

दुपारची_चहा

वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

मुलगा सहा वर्षांचा. तीन वर्षं एका सेंटरला जातोय, आठवड्यातून तीनदा, रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा. तीन वर्षांत मला विचारलं गेलं ते "होमवर्क केलं का?" घरी मिक्सर लावायचा असेल तर मी सकाळी सहाच्या आत किंवा तो शाळेत गेल्यावर लावते, हे कुणाला माहीत नाही. सासूबाईंना दिवाळीची चकली भाजणी गिरणीतून आणायची असते आणि त्याला त्या पिठाचा वास सहन होत नाही, म्हणून दोन वर्षं आमच्याकडे चकली झाली नाही. त्या बोलल्या काही नाहीत. न बोलण्याचंच जास्त लागलं.

नणंदेच्या लग्नात मी हळदीपासून मांडवापर्यंत बाहेर गाडीत बसून होते. एसी लावून, त्याला मांडीवर घेऊन. आतून सनई ऐकू येत होती. अल्बममध्ये मी दोनच फोटोंत आहे. तुमचं ते तिसरं उत्तर ते हेच ना?

लाकडी_ठोकळा

हो. तेच.

बेथ वर्नर डिग्रेस नावाच्या ओटी प्राध्यापिकेचा २००४चा एक अभ्यास आहे. ऑटिझम असलेली मुलं असलेल्या फक्त पाच घरांशी बोलून लिहिलेला. त्या घरांचं म्हणणं असं की सगळं घर ऑटिझमभोवती फिरतं, आमचं काहीतरी लुटलं गेलंय असं वाटतं, दिवस जातो तो मुलाला कशात तरी गुंतवण्यात आणि शांत ठेवण्यात, आणि 'आपण एक कुटुंब आहोत' असे क्षण येतात पण निसटतात. आकड्यांचे पेपर मी विसरते, हा विसरले नाही. @हिशोबनीस, पाचच घरं, माहितीये.

हिशोबनीस

मी काही म्हटलेलं नाही. गाडीतला एसी वाचल्यावर आकडा काढायची इच्छा झाली नाही.

रारिटनकाठी

न्यू जर्सीहून. आमची लेक दोन वर्षांची असताना इथली सरकारी योजना सुरू झाली. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी थेरपिस्ट घरी येते, कारण कायद्यातच आहे की सेवा मुलाच्या नेहमीच्या वातावरणात द्या. आमच्या ओटीबाई पहिल्या दिवशी खेळण्यांची पिशवी न आणता आल्या. मी मनात म्हटलं, ही फुकट पगार घेणार. ती आमच्या स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, तुम्ही रोज जे करता ते करा. मी पोळ्या करत होते. लेकीला तिने कणकेचा गोळा दिला. ओलं काहीही हातात न धरणाऱ्या पोरीने आधी परातीत सुक्या पिठात बोटं घातली, मग आठवड्याने घट्ट कणकेत. तीन महिन्यांनी भात कालवला. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर ते बघून पदर डोळ्याला लावला.

एक गोष्ट सांगायचीय. तीन वर्षांपर्यंत जो आराखडा करतात त्याच्या नावात 'फॅमिली' शब्द आहे. तीन पूर्ण झाली की मूल शाळेच्या हद्दीत जातं, मग जो आराखडा होतो त्याच्या नावात 'एज्युकेशन' येतं. फॅमिली गेली. नाव बदललं तसं वागणंही बदललं. ओटी आता शाळेत कात्री आणि शर्टाची बटणं बघते, आणि आमच्या घरात काय चाललंय ते आम्हीच बघतो.

फलटणकर

थोडं अवांतर. फिलाडेल्फियाचं नाव आलं म्हणून राहवलं नाही.

मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय १९५० मध्ये केईएम रुग्णालयात सुरू झालं, आशियातलंही पहिलं म्हणतात. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आल्या, आणि पुढे पुन्हा अमेरिकेला जाऊन फिलाडेल्फियालाच ओटी शिकून परतल्या. १९५२ मध्ये ओटींची जागतिक संघटना स्थापन झाली त्या पहिल्या दहा देशांत भारत होता, तो त्यांच्या धडपडीमुळे. आमच्या फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. आम्हाला लहानपणी वाटायचं, बालभवन म्हणजे बागेबिगेचं नाव असेल. त्या कोण, हे मोठेपणी कळलं.

लाकडी_ठोकळा

@फलटणकर, अवांतर मुळीच नाही. आमच्या पिढीने त्यांच्या नावाला मनातल्या मनात नमस्कार करून परीक्षा दिल्यात.

काठावरचा

२६ वर्षं वय. मला ऑटिझम आहे, निदान २२व्या वर्षी झालं. धागा आवडला पण एक बोचलं.

या सगळ्या अभ्यासांत विचारलंय कुणाला? आईला, वडिलांना. प्रश्नावली भरली कुणी? पालकांनी. लहान मूल बोलू शकत नाही हे कळतं मला. पण "घर ऑटिझमभोवती फिरतं" हे वाक्य त्या घरातल्या मुलाने मोठेपणी वाचलं तर त्याला काय वाटेल? मी वाचलं, म्हणून सांगतो. आपण वजन आहोत असं वाटतं.

माझी आई माझ्या शर्टांची मानेमागची लेबलं उसवायची. ब्लेडने, टाके न तुटता. मला कळायचं नाही की इतर घरांत असं करत नाहीत. तिने कधी म्हटलं नाही की मी तुझ्यासाठी करते. मला वाटायचं शर्ट असाच वापरायचा असतो.

लाकडी_ठोकळा

तुमचं बरोबर आहे आणि मला त्यावर चांगलं उत्तर नाही. माझ्या गठ्ठ्यातले जवळपास सगळे पेपर पालकांच्या तोंडचे आहेत. 'लुटलं गेलंय' हा त्या आईबापांचा शब्द होता, तो मी तुमच्यासमोर ठेवताना जरा थांबायला हवं होतं.

लेबलाचं मात्र मी वापरणार आहे, परवानगी असेल तर. कुणाच्याही फॉर्मवर ते येत नाही.

काठावरचा

वापरा. आईला सांगतो. ती म्हणेल त्यात काय एवढं.

अर्धा_कप

वडील बोलतोय. आठ वर्षांच्या मुलीचा.

सगळीकडे 'आई आई' वाचून कंटाळा आला असं म्हणणार होतो, मग लक्षात आलं की थेरपीला मी वर्षातून चारदा गेलोय. त्यामुळे गप्प बसतो. प्रश्न एवढाच, ही जी 'पालकांना शिकवा, पालक मुलाला शिकवतील' पद्धत आहे, तिने सगळा भार पुन्हा बायकोवरच येणार ना? आणि खरंच फरक पडतो?

लाकडी_ठोकळा

चारदा जाणारे पण मोजणारे वडील मला आवडतात.

फरक पडतो का, तर बारानेक ज्या गटात होत्या त्याच गटाची २०१७ची चाचणी आहे. ऑटिझमचा धोका जास्त वाटणारी वर्षाच्या आसपासची ८७ मुलं. थेरपिस्ट घरी जाऊन पालकांना शिकवायची: मूल ज्यात रमलंय त्यात तुम्ही शिरा, त्याच्या इशाऱ्याला उत्तर द्या. झालं असं की पालकांचं वागणं बदललं, पण ही शिकवणी मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांतल्या मुलांच्या मोजमापांत थेट फरक अपेक्षेइतका दिसला नाही. जिथे पालक जास्त बदलले, तिथे मुलांचं थोडं पुढे सरकल्याचं दिसलं. त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. संशोधकाचा कस मला अशा पेपरात दिसतो.

भाराबद्दल, २०१० मध्ये ११ आयांशी बोलून केलेला एक अभ्यास आहे. त्या कशाच्या जोरावर टिकल्या? स्वतःसाठी थोडा वेळ, आधीच आखणी करून ठेवणं, माहिती मिळवत राहणं, छोट्या आनंदांची दखल, आणि भार वाटून घेणारं माणूस. शेवटचं तुमच्यासाठी ठळक समजा.

अर्धा_कप

समजलो. शनिवारची फेरी माझी, ठरलं. बायकोला हा धागा दाखवलेला नाही, नाहीतर म्हणेल इंटरनेटवरच्या बाईंचं ऐकतोस.

रारिटनकाठी

@अर्धा_कप, लेखी घेतील हो त्या.

@दुपारची_चहा, भारतात राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' आरोग्य विमा योजना ऑटिझमलाही लागू आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचाही खर्च त्यात येतो. माझ्या पुण्याच्या भावजयीने घेतलीय. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ऑटिझम २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत आहे, त्यामुळे ते मिळतं.

दुपारची_चहा

सगळ्यांना धन्यवाद. प्रमाणपत्र आहे, निरामय बघते.

@लाकडी_ठोकळा ताई, तुम्ही व्यनिमध्ये (खासगी निरोपात) सुचवलं तसं आठवडाभर वहीत लिहिलं. कुठे अडतं, किती वाजता, त्याआधी काय झालं. वाटलं होतं मिक्सर पहिला येईल. पहिली आली मोरीतली बादली! पत्र्याची आहे, सासूबाईंच्या लग्नातली. नळ सोडला की जो आवाज होतो त्याला तो घाबरतो, पाण्याला नाही. आणि आम्ही तीन वर्षं 'पाण्याची भीती' म्हणून लिहून देतोय. प्लॅस्टिकची आणली. काल स्वतः मग भरून डोक्यावर घेतला. एकदाच. मग म्हणाला पुरे.

सासूबाईंनी जुनी बादली घासून बाल्कनीत तुळशीशेजारी ठेवली. म्हणाल्या, भाजणी या वर्षी माझ्या बहिणीकडे दळून तळून आणू, डब्यात झाकून.

आता खरा प्रश्न. पुढच्या रविवारी चुलतदिरांच्या मुलाची मुंज आहे, हॉलमध्ये. बँड किती वाजता लागणार हे यजमानांना आधी विचारलं तर वाईट दिसेल का?

फलटणकर

वाईट कसलं. बँडवाल्यांचा नंबरच मागून घ्या. यजमानांना तेवढाच एक फोन कमी. ते मातृभोजनाच्या आधी एकदा आणि भिक्षावळीला एकदा वाजवतात. मधला वेळ तुमचा.

लाकडी_ठोकळा

विचारा. आणि पहिल्या पंगतीला बसा. तुमच्या मुलाचं पान कोपऱ्यात, पंख्यापासून लांब. त्याच्या ताटात ओलं काही वाढू नका म्हणून वाढप्याला आधीच सांगून ठेवायचं काम @अर्धा_कप यांच्यासारख्या एखाद्या बाप्यावर टाका. तुमच्याकडे असतील ना कुणी?

दुपारची_चहा

आहेत. आत्ता शेजारीच बसून वाचतायत. म्हणतायत, वाढप्याचं मी बघतो, तू फोटोत ये.